रेडिओ-नियंत्रित विमानासाठी कामाचा स्टँड निवडताना

रेडिओ-नियंत्रित विमान हवेत जितका वेळ असते, त्याच्या अनेक पट वेळ ते टेबलावर असते. सर्व्होचा (विमानाच्या हलत्या झडपा फिरवणाऱ्या छोट्या मोटरचा) आर्म बदलणे, त्या झडपांना जोडणाऱ्या पुशरॉडची लांबी जुळवणे, सांगाड्यावर ताणून बसवलेली प्लास्टिकची फिल्म फाटली की तिला ठिगळ लावणे, बॅटरीची जागा पुढे-मागे करून पाहणे, इंजिनाचे बोल्ट आवळणे ही कामे करताना दोन्ही हात मोकळे असावे लागतात आणि विमान जागचे हलून चालत नाही. उशीवर किंवा गुंडाळलेल्या टॉवेलवर विमान ठेवून काही दिवस निभावून नेता येते. पण स्क्रू आवळताना विमान खाली दबते, हात काढला की एका बाजूला कलंडते आणि एलेरॉनचा, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेवरील हलत्या झडपेचा, कोपरा टेबलाच्या कडेवर आपटतो. स्टँड हवा, याविषयी म्हणूनच कोणाचे दुमत नसते. तो निवडताना मात्र बहुतेक जण स्टँडचे रूप आणि किंमत यांपासून सुरुवात करतात. माझ्या मते सुरुवात विमानाच्या पोटापासून करावी, कारण विमानाचे वजन नेमके कोठे पेलले जाणार हे ठरवणे हेच स्टँडचे मुख्य काम आहे.

पुढील विवेचनासाठी एक ठरावीक विमान डोळ्यांसमोर ठेवू: पंखांचा विस्तार १६० सेंटीमीटर, पंखाची रुंदी २७ सेंटीमीटर, वजन अडीच किलो, बाल्सा या हलक्या लाकडाच्या सांगाड्यावर फिल्म चढवलेले, पंख वर असलेले ट्रेनर. शिकणाऱ्यांच्या हाती बहुधा याच मापाचे विमान असते आणि याहून लहान-मोठ्या विमानांसाठी काय बदलावे लागेल हेही यावरून सहज ताडता येते.

विमानाच्या पोटाची तपासणी

पंख काढून विमानाचे धड, म्हणजे फ्युजलाज, हलक्या हाताने उलटे धरावे आणि पोटावरून नखाने टकटक करीत नाकापासून शेपटाकडे जावे. जेथे आत फॉर्मर, म्हणजे धडाला आकार देणारी आडवी चौकट, आहे तेथे आवाज भरीव येतो आणि दोन फॉर्मरच्या मधल्या मोकळ्या जागेत पोकळ येतो. भरीव आवाजाच्या जागी कागदी चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावून खूण करावी. तीन मिलिमीटर जाडीची बाल्साची फळी फॉर्मरवर टेकलेली असताना सहज भार घेते. तीच फळी दोन फॉर्मरच्या मध्ये बोटाने दाबली तर आत जाते, आणि विमान स्टँडवर असताना वरून कोपर टेकला तर चिरतेही. स्टँडचे दोन्ही आधार या खुणांखाली आले पाहिजेत. आधाराची गादी चार-पाच सेंटीमीटर रुंद असली की खूण दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे झाली तरी बिघडत नाही.

धडाचा मागचा भाग फळीऐवजी केवळ काड्यांचा आणि त्यावर फिल्म ताणलेला असेल, तर तेथे सपाट गादी उपयोगाची नाही. भार घेण्याची ताकद चार कोपऱ्यांतील लांब काड्यांमध्ये, म्हणजे लाँजरॉनमध्ये असते. अशा विमानाला इंग्रजी व्ही अक्षरासारखा किंवा खालचे कोपरे उचलून धरणारा आधार हवा. फिल्मच्या मध्यभागी काहीही टेकता कामा नये.

फोमची विमाने या बाबतीत कमी चोखंदळ असतात, पण त्यांचा दोष वेगळा आहे. विमान एकाच जागी आठवडाभर टेकून राहिले तर फोमवर खळगा पडतो, आणि एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या छताखालच्या खोलीत तो दोन दिवसांतही पडतो. कामाचा स्टँड साठवणीसाठी वापरू नये हा नियम सर्वच विमानांना लागू आहे, फोमच्या विमानांना विशेषत्वाने.

दोन आधारांतील अंतर

विमानाचा गुरुत्वमध्य दोन आधारांच्या मधोमधच असला पाहिजे असे नाही, पण तो दोन्ही आधारांपासून पुरेसा आत असला पाहिजे. याचे कारण बॅटरी काढताना कळते. समजा, आपल्या अडीच किलोच्या विमानात चारशे ग्रॅमची लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी गुरुत्वमध्याच्या पुढे पंचवीस सेंटीमीटरवर बसवलेली आहे. ती बाहेर काढताच उरलेल्या २.१ किलोचा गुरुत्वमध्य जवळजवळ पावणेपाच सेंटीमीटर मागे सरकतो. मागचा आधार गुरुत्वमध्यापासून चार सेंटीमीटरवरच असेल, तर त्या क्षणी शेपूट खाली येते, नाक वर जाते आणि बॅटरी हातात धरून उभ्या असलेल्या माणसाला काहीच करता येत नाही. इंजिन उतरवताना हा सरक याहूनही मोठा असतो.

आपल्या ट्रेनरचा गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून सात-आठ सेंटीमीटर मागे येतो. पुढचा आधार पंखाच्या पुढच्या कडेच्या किंचित पुढे आणि मागचा त्याच्यापासून चाळीस सेंटीमीटर मागे ठेवला, तर बॅटरी असो वा नसो, विमान शांत बसते. बाजारातील काही लहान स्टँडमध्ये हे अंतर पंचवीस सेंटीमीटरच असते. मीटरभर विस्ताराच्या फोमच्या विमानाला ते पुरते. दीड मीटरच्या पुढे पुरत नाही. ज्या स्टँडमध्ये हे अंतर बदलता येते तो इतर बाबतींत थोडा डावा असला तरी घ्यावा.

पायाची रुंदी

विमान बाजूला कलंडण्याचा प्रश्न पंखांमुळे निर्माण होतो. पंख लावलेले विमान स्टँडवर पट्ट्याने बांधले आहे असे धरू. स्टँडचे वजन दीड किलो आणि पायाची रुंदी तीस सेंटीमीटर असेल, तर विमान आणि स्टँड मिळून चार किलोचा भार पायाच्या कडेपासून पंधरा सेंटीमीटर आत असतो, तर पंखाचे टोक त्याच कडेपासून पासष्ट सेंटीमीटर बाहेर असते. हिशेब केल्यास पंखाच्या टोकावर साधारण नऊशे ग्रॅमचा दाब पडताच सगळा डोलारा उलटतो. शर्टाची बाही अडकून किंवा कोपर टेकून एवढा दाब सहज पडतो. पायाची रुंदी चाळीस सेंटीमीटर केली की हाच आकडा सव्वा किलोच्या पुढे जातो. पंखांच्या विस्ताराच्या एक-चतुर्थांश रुंदी ही मी किमान मानतो. जेथे घरात लहान मुले किंवा मांजर आहे तेथे पंख लावलेले विमान स्टँडवर ठेवून खोलीबाहेर जाऊच नये.

बाहूंची उंची आणि मधले अंतर

धडाच्या दोन्ही बाजूंनी वर येणाऱ्या बाहूंमधील अंतर धडाच्या रुंदीपेक्षा दोन-तीन सेंटीमीटर अधिक असावे, ते मोजताना गादीची जाडी वजा करायला विसरू नये. घट्ट बाहूंमध्ये विमान ठेवता-काढताना फिल्म घासली जाते आणि सैल बाहूंमध्ये विमान तिरके बसते. पंख खाली असलेल्या विमानांत पुढचा बाहू पंखाच्या पुढेच येईल अशी रचना लागते, कारण पंख लावलेला असताना त्याच्या जागी बाहूला वाव नसतो.

उलटे ठेवून करायच्या कामांचा विचार स्टँड घेतानाच करावा. चाकांचे बोल्ट, पोटाकडून उघडणारे झाकण, पंखाखालचे सर्व्हो या सर्वांसाठी विमान उताणे करावे लागते आणि तेव्हा उभे शेपूट खाली येते. धडाच्या वरच्या पृष्ठभागापासून उभ्या शेपटाच्या टोकापर्यंतची उंची मोजावी. स्टँडचा मागचा आधार त्यापेक्षा दोन-तीन सेंटीमीटर उंच नसेल, तर शेपूट टेबलाच्या कडेबाहेर सोडावे लागते. तेही चालते, पण तेव्हा त्या बाजूने कोणी ये-जा करणार नाही याची काळजी घ्यावी. कॅनपी, म्हणजे वैमानिकाच्या जागेवरचे झाकण, पारदर्शक प्लास्टिकची असल्यास तिच्यावर कधीही भार देऊ नये. आधार तिच्या पुढे किंवा मागे घ्यावा.

आत ओढली जाणारी चाके असलेल्या विमानाला आणखी एक अट आहे. चाके पूर्ण खाली असताना ती टेबलापासून अधांतरी राहिली पाहिजेत, नाहीतर चाचणीच्या वेळी यंत्रणेला विमानच उचलावे लागते आणि त्यात सर्व्होचे दात जातात.

गादी कशाची असावी

माझ्या पाहण्यात स्टँडमुळे झालेले बहुतेक नुकसान स्टँड मोडून झालेले नाही, चुकीच्या गादीमुळे झालेले आहे. म्हणून या भागावर थोडे अधिक थांबतो.

गादीचा फोम बंद छिद्रांचा हवा. तो ओळखण्याची सोपी रीत म्हणजे त्यावर पाण्याचा एक थेंब सोडणे. थेंब तसाच गोल राहिला तर फोम चांगला. आत मुरला तर तो स्पंज आहे. ग्लो इंजिनाच्या, म्हणजे मेथॅनॉल आणि तेलाच्या मिश्रणावर चालणाऱ्या छोट्या इंजिनाच्या, धुराबरोबर न जळलेले तेल बाहेर पडते आणि धडाच्या पोटावर त्याचा थर बसतो. स्पंज ते तेल पितो, त्यावर सँडपेपरची धूळ चिकटते, आणि पुढच्या वेळी विमान त्यावर सरकवताच फिल्मवर बारीक चरे उमटतात.

थर्माकोल स्वस्त आणि कापायला सोपा असल्यामुळे अनेक जण त्यातूनच पाळणा कोरतात. विजेवर चालणाऱ्या हलक्या विमानासाठी तो वाईट नाही. मात्र पेट्रोलचे थेंब आणि पातळ सायनोअॅक्रिलेट गोंद त्याला विरघळवतात. पेट्रोल इंजिनाच्या विमानाखाली थर्माकोल ठेवू नये, आणि ज्या स्टँडवर चिकटवण्याची कामे होणार आहेत त्यालाही तो नको. टीव्ही किंवा फ्रीजच्या खोक्यात येणारा, वाकवला तरी न तुटणारा पांढरा लवचीक पॅकिंग फोम या दोन्हींना चांगला पुरून उरतो आणि बहुधा फुकट मिळतो.

पाइपच्या बाहूंसाठी एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात ते काळे रबरी आवरण सर्वांत सोयीचे. एसी दुरुस्त करणाऱ्याकडे त्याचे तुकडे पडलेले असतात. ते उभे चिरून पाइपवर बसवावे. त्याचा एकच दोष म्हणजे पांढऱ्या फिल्मवर किंवा रंगावर कालांतराने काळपट डाग उमटतो. जुन्या सुती बनियनची किंवा टी-शर्टची बाही त्यावर चढवली की हा प्रश्न मिटतो, आणि बाही काढून धुताही येते. मऊ विनाइलचे, रेक्झिनसारखे आवरण मात्र टाळावे. रंगवलेल्या पृष्ठभागाला ते बराच काळ चिकटून राहिले तर रंग मऊ पडतो.

गादी किती मऊ हवी याची परीक्षा अशी: विमान ठेवल्यावर गादी तिच्या मूळ जाडीच्या निम्म्याहून अधिक दबली तर ती कमी पडते, मुळीच दबली नाही तर सगळा भार एका रेषेवर येतो. तासाभराने विमान उचलून पोटाकडे तिरप्या उजेडात पाहावे. फिल्मवर रेघ किंवा खोलवा दिसत नसेल तर गादी योग्य आहे. हीट गनने फिल्म ताणण्याचे काम असेल तेव्हा त्या भागाखालची गादी बाजूला घ्यावी, कारण फिल्मला लागणारी दीडशे अंशांच्या आसपासची उष्णता बहुतेक फोमना सोसत नाही.

विकत घ्यावा की बनवावा

तयार स्टँड प्रामुख्याने तीन प्रकारचे मिळतात: एकसंध फोमचे पाळणे, प्लास्टिकचे जोडस्टँड आणि लेझरने कापलेल्या प्लायवुडचे, खाचांत खाच बसवून उभे करायचे स्टँड. प्लायवुडचे स्टँड गाडीत सपाट ठेवता येतात आणि दिसायलाही नेटके असतात. पण पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, प्लाय फुगून खाचा अडकतात. घेतल्याबरोबर कडांसह वॉर्निशचे दोन हात द्यावेत. ऑनलाइन घेताना केवळ छायाचित्रावर विसंबू नये. पायाची लांबी-रुंदी, बाहूंमधील आतले अंतर आणि बाहूंची उंची हे आकडे वर्णनात नसतील तर विक्रेत्याला विचारावेत. ‘सर्व विमानांसाठी उपयुक्त’ असे लिहिलेला स्टँड कोणत्याच विमानाला नीट बसत नाही, असा अनुभव सार्वत्रिक आहे.

आपल्या ट्रेनरसाठी पाऊण इंची पीव्हीसी पाइपचा स्टँड घरी बनवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. त्यासाठी सुमारे अडीच मीटर पाइप, सहा टी, चार एल्बो आणि चार टोप्या लागतात. स्टँडला दोन सारख्या चौकटी असतात. प्रत्येक चौकटीत खाली चाळीस सेंटीमीटर रुंदीचा आडवा पाय असतो आणि त्याच्या मध्यावर दोन टी शेजारी शेजारी बसवलेले असतात. त्यांतील एकाचे तोंड वर, दुसऱ्याचे दुसऱ्या चौकटीकडे. वरच्या तोंडात बारा सेंटीमीटरचा उभा तुकडा, त्यावर तिसरा टी आडवा, त्याच्या दोन्ही बाजूंना आठ-आठ सेंटीमीटरचे तुकडे, टोकांना एल्बो आणि त्यांतून वर येणारे पंधरा-पंधरा सेंटीमीटरचे बाहू. दोन्ही चौकटी चाळीस सेंटीमीटरच्या एका लांब पाइपने जोडल्या जातात. बाहूंच्या टोकांवर आवरण नीट घडी करून बांधावे, म्हणजे पाइपची धार विमानाला लागणार नाही.

येथे एक जागा चुकण्याची आहे. खालचे दोन टी एकाच आडव्या पाइपच्या रेषेत असल्यामुळे, ते नुसतेच दाबून बसवले तर उभा तुकडा पुढे किंवा मागे वळू शकतो आणि विमानाच्या भाराने चौकट झोपते. हे दोन टी परस्परांना काटकोनात धरून त्यांच्यामधला जोड सॉल्व्हंट सिमेंटने पक्का करावा. ते काही सेकंदांतच धरते, म्हणून आधी कोरडी जुळणी करून दोन्ही टींवर पेन्सिलने सलग रेघ मारून ठेवावी आणि मग चिकटवावे. इतर जोड चिकटवू नयेत. लांब पाइप बदलून अंतर बदलता येते, आठ सेंटीमीटरचे तुकडे बदलून बाहूंची रुंदी बदलता येते, आणि चाके अधांतरी हवी असल्यास बारा सेंटीमीटरऐवजी अठरा सेंटीमीटरचा उभा तुकडा लावता येतो. वरचा टी फिरू नये म्हणून प्रत्येकी एक छोटा स्क्रू पुरतो. उन्हात बंद गाडीमध्ये हा स्टँड विमानाच्या भाराखाली ठेवू नये, कारण पीव्हीसी हळूहळू वाकते.

पेट्रोल इंजिनाच्या सात-आठ किलोंच्या विमानाला हा स्टँड पुरणार नाही. तेथे सुताराच्या दोन घोड्या आणि त्यांवर ताणलेले जाड कापडी पट्टे ही जोडी उत्तम. पट्ट्याची झोळी कोणत्याही आकाराच्या पोटाला बेतून बसते. विमान तिच्यात थोडे डुलते हे खरे. नेमके माप घ्यायचे असेल तेव्हा दोन्ही बाजूंना फोमचे ठोकळे सारावेत.

मैदानावरचा स्टँड

घरचा स्टँड मैदानावर इंजिन सुरू करण्यासाठी वापरू नये. घरी स्टँडवर केवळ भार येतो. मैदानावर प्रोपेलर विमानाला पुढे ओढत असतो. आपल्या ट्रेनरचे इंजिन पूर्ण वेगात जवळजवळ विमानाच्या वजनाइतकी, म्हणजे अडीच किलोंच्या आसपास ओढ देऊ शकते. मैदानावरच्या स्टँडला म्हणून शेपटाजवळ, आडव्या स्टॅबिलायझरच्या, म्हणजे शेपटाच्या आडव्या पंखाच्या, पुढे, धडाच्या दोन्ही बाजूंना एकेक मऊ आवरणाचा खांब असतो. स्टॅबिलायझर त्या खांबांना अडतो आणि विमान जागेवर राहते. खांब धडाला जितके लगटून असतील तितके चांगले. टोकांकडे असले तर स्टॅबिलायझर मुळाशी तुटण्याचा धोका असतो. फोमच्या विमानाचे शेपूट हा भार घेण्यास योग्य नसते, तेथे चाकांच्या तारेला दोरी बांधावी.

अशा स्टँडची उंची सत्तर-पंचाहत्तर सेंटीमीटर ठेवतात, कारण गुडघ्यावर बसून इंजिन सुरू करणे पाठीला परवडत नाही. पण उंचीबरोबर पुढे कलंडण्याचा धोकाही वाढतो. पंचाहत्तर सेंटीमीटर उंचीवरची अडीच किलोंची ओढ पुढच्या पायांभोवती १८७ किलो-सेंटीमीटर इतका पिळा निर्माण करते. विमान आणि स्टँड मिळून साडेसात किलो आणि त्यांचा मध्य पुढच्या पायांपासून तीस सेंटीमीटर मागे असेल, तर त्याला विरोध करणारा पिळा २२५ इतकाच असतो. हा फरक फार कमी आहे. पुढचे पाय अधिक पुढे पसरलेले हवेत, किंवा स्टँड जमिनीला खुंटीने जखडलेला हवा. काळ्या मातीत खुंटी सहज जाते. मुरमाड मैदानावर ती जात नाही, तेथे मागच्या पायांच्या दांडीला पाण्याचा भरलेला दहा लिटरचा कॅन लटकवावा. यांपैकी काहीही केले तरी पहिल्यांदा पूर्ण वेग देताना विमान दुसऱ्या माणसाने मागून धरलेले असावे.

प्रोपेलर ज्या वर्तुळात फिरतो त्याच्या जवळपास स्टँडचा कोणताही भाग, लोंबता पट्टा किंवा दोरीचे टोक येता कामा नये. अकरा इंची प्रोपेलरची त्रिज्या चौदा सेंटीमीटर असते. तिच्या बाहेर आणखी किमान पाच सेंटीमीटर मोकळे ठेवावेत. इंजिन सुरू झाल्यावर इंधनाचे प्रमाण ठरवणाऱ्या सुईची जुळवणी प्रोपेलरच्या मागे उभे राहून करता आली पाहिजे. ज्या स्टँडचे पाय वाटेत येऊन माणसाला पुढून वाकायला लावतात तो कितीही भक्कम असला तरी नाकारावा. विजेवर चालणाऱ्या विमानाविषयीची सावधगिरी घरच्या टेबलावर सुरू होते: बॅटरी जोडून सर्व्हो किंवा रेडिओची जुळणी करायची असेल तर प्रोपेलर आधी काढून ठेवावा, विमान स्टँडला बांधलेले असले तरीही.

वाऱ्याचा विचार शेवटी येत असला तरी तो गौण नाही. ताशी तीस किलोमीटरचा झोत समोरून आला आणि नाक किंचित वर असले, तर आपल्या ट्रेनरच्या पंखावर सुमारे एक किलोचे उचल-बल निर्माण होते, आणि झोत जसा वाढतो तसे ते त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. उंच स्टँडवर विमान असताना धडावरून वेल्क्रोचा पट्टा घ्यावा, पुढचा आधार किंचित खाली ठेवून नाक उतरते करावे, आणि काम संपताच विमान खाली उतरवून वाऱ्याच्या आडोशाला, पंख काढता येत असतील तर काढून ठेवावे.